राग सोडावा, दावा सोडू नये

(चारोटी येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या सभेत एका वकिलांनी केलेले भाषण)



सभेच्या चालकांनी मला 'क्रोधाचा त्याग व विधायक वृत्ती' हा विषय दिला, तेव्हा प्रथम मला हसू आले. वकिलाने क्रोध सोडा असा उपदेश करणे म्हणजे सावकाराने कर्ज काढू नका असे सांगण्यासारखे आहे. दोन भावांना बांधावरून राग आला नाही, शेजाऱ्याला वाटेवरून राग आला नाही, तर आमच्या घरची चूल पेटायची कशी ? परंतु क्रोधाने माणसाचे किती नुकसान होते हे जर कोणी रोजच्या रोज कागदावर मांडलेले पाहत असेल, तर तो वकीलच होय. म्हणून मी हा विषय स्वीकारला. धम्माचा पंडित म्हणून मी बोलणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. न्यायालयात उभा राहणारा एक उपासक म्हणून जे पाहिले आणि वाचले, ते आपणांपुढे ठेवतो.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'शांत राहा, झाले गेले विसरून जा, मनात काही ठेवू नका' हा उपदेश आपल्या समाजाला नवीन नाही. तो आपल्या आजा-पणजांना शेकडो वर्षे करण्यात आला. पण तो करीत कोण होते ? ज्यांनी पाणवठा अडविला, तेच शांततेची थोरवी सांगत होते. आपल्या लोकांनी राग गिळला आणि त्या रागाबरोबर आपला हक्कही गिळला. म्हणून 'क्रोध सोडा' हे शब्द कानी पडताच आमच्या तरुणांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडणे स्वाभाविक आहे. अन्याय सोसणारा निमूटपणा आणि क्रोधावर मिळविलेला ताबा या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्ही ठिकाणी मनुष्य गप्प उभा असतो. परंतु एकाने मान खाली घातलेली असते आणि दुसरा समोरच्याचे नाव, दिवस, वेळ आणि साक्षीदार मनात टिपून ठेवीत असतो. आमच्या कायद्यात दाव्याला 'दाव्याचे कारण' लागते. ते कारण नसेल तर वाद चालत नाही. पण दिवाणी प्रक्रिया संहितेत दाव्याला राग लागतो असे कोठेही लिहिलेले नाही. हा फरक आज आपण समजून घेऊ या.

तथागतांच्या चरित्रातील एक प्रसंग नवदीक्षित कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. राजगृहाजवळच्या वेळुवनात भगवान असताना भारद्वाज गोत्राचा एक ब्राह्मण त्यांच्यावर चालून आला व तोंडाला येईल ते बोलू लागला. तो का रागावला होता ? त्याच्या गोत्रातील एका ब्राह्मणाने भगवंतांच्या संघात प्रवेश केला होता, हा त्याचा राग ! म्हणजे 'आमचा माणूस तिकडे गेला' या कारणाने अंगावर येणारी शिवी अडीच हजार वर्षांची जुनी आहे. आपणांला ती आज नव्याने मिळत आहे असे समजण्याचे कारण नाही. भगवंतांनी त्याचे सगळे ऐकून घेतले आणि त्याला विचारले, की तुझ्या घरी पाहुणे येतात काय, त्यांच्यासाठी तू अन्न मांडतोस काय, आणि पाहुण्यांनी ते घेतले नाही तर ते कोणाचे राहते ? ब्राह्मण म्हणाला, माझेच राहते. तर मग, भगवान म्हणाले, तू मांडलेले हे ताट आम्ही घेतलेले नाही. संयुत्त निकायातील हे सुत्त सांगते, की तो ब्राह्मण पुढे स्वतःच संघात दाखल झाला.

येथे कोणी विचारील, की भगवान बुद्धांना नुसती शिवी मिळाली, आम्हांला तर लाठी मिळते. लाठीला 'मी घेत नाही' असे कसे म्हणावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पोथीत शोधण्यापेक्षा आपल्याच इतिहासात शोधू या.

महाडचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. परंतु तो सांगताना आपण ओंजळभर पाण्यापाशी थांबतो. त्यानंतरच्या दोन घटकांत काय घडले आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत काय घडले, इकडे आपले लक्ष कमी जाते. १९२३ साली श्री. सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले आणि १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे लोक शिस्तीने तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि मंडपात परतले. मग गावात आवई उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून आला. जेवण चालू असलेल्या माणसांना मारहाण झाली. एकटे-दुकटे सापडतील त्यांना रस्त्यात गाठून मारले. कित्येकांना मुसलमान बांधवांच्या घरांत आश्रय घ्यावा लागला.

बाबासाहेब त्या वेळी बंगल्यावर होते. त्यांच्याभोवती जमलेल्या लोकांत सैन्यातून निवृत्त झालेले अनेक जण होते. ज्यांनी परदेशांत बंदुका चालविल्या, त्यांना महाडच्या गल्लीतील लाठ्यांची काय मातब्बरी ! ते केवळ एका शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. त्यांनी लोकांना शांतता मोडू दिली नाही, जखमींची व्यवस्था लावली, पोलिसांकडे फिर्यादी नोंदविल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. लाठीला 'मी घेत नाही' असे म्हणता येत नाही, हे खरे. पण तिची पोच न्यायालयात देता येते.

आता एक वकील म्हणून मी आपणांस विचारतो. त्या सायंकाळी बाबासाहेबांनी होकार दिला असता, तर काय झाले असते ? दोन्ही बाजूंची डोकी फुटली असती, दोन्ही बाजूंवर खटले झाले असते, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा प्रश्न कोणालाही आठवला नसता. 'दंगल झाली' एवढेच उरले असते. हक्क मागणारा मनुष्य दंगलखोर ठरावा, याहून सोयीची गोष्ट हक्क नाकारणाऱ्याला दुसरी कोणती ?

तळे 'बाटले' म्हणून त्यात पंचगव्याच्या एकशे आठ घागरी ओतून ते शुद्ध करून घेण्यात आले. माणसाच्या स्पर्शाने बाटलेले पाणी शेण आणि गोमूत्राने शुद्ध होते, हे वाचून आजही कोणाचे रक्त तापणार नाही ? ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा हजारो लोक महाडला जमले, सत्याग्रहासाठी नावे देऊन सिद्ध झाले. आणि ऐन वेळी दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम येऊन थडकला. माझ्या मते बाबासाहेबांच्या संयमाची खरी कसोटी मार्चमध्ये नव्हती, ती येथे होती. मार्चमध्ये त्यांना शत्रूला मारू नका एवढेच सांगावयाचे होते. डिसेंबरमध्ये, घरदार सोडून तुरुंगात जाण्यास निघालेल्या आपल्याच माणसांना, आज पाण्याला हात लावू नका, हे सांगावयाचे होते. त्यांनी ते सांगितले. न्यायालयाचा हुकूम मोडून सरकारला आपल्याविरुद्ध उभे करू नये, हा त्यांचा विचार लोकांनी मानला, आणि तळ्याभोवती मिरवणूक काढून लोक परतले. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले होते, आणि तो ठराव मांडणारे श्री. सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते, हेही विसरू नये. विषमतेचा ग्रंथ जाळला गेला. महाडातील कोणाचे घर जाळले गेले नाही.

मग खटला उभा राहिला. सनातनी वादींचे म्हणणे असे, की तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी त्याला शिवू नये अशी अनादि वहिवाट आहे. प्रतिवादींत बाबासाहेब स्वतः होते. जून १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. वादींनी ठाण्याच्या न्यायालयात अपील केले. आज ही सभा पालघर जिल्ह्यात भरली आहे. पण हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, त्यापूर्वी चारोटी ठाणे जिल्ह्यातच होते. आपल्या आजोबांच्या जिल्ह्याच्या ठिकाणी महाडच्या पाण्याचा निवाडा झाला, आणि १९३३ मध्ये तेथेही वादी हरले. ते उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. अनादि वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही, हे त्या निकालाचे मुख्य कारण. २० मार्च १९२७ ते १७ मार्च १९३७ : दहा वर्षांना तीन दिवस कमी ! निकाल देणाऱ्यांपैकी न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड हे १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश होते. न्यायाच्या खुर्चीपुढे माणसे कशी कशी येतात याची ही एक गंमत.

बंधुभगिनींनो, दहा वर्षे राग टिकत नाही. राग हा गवताचा जाळ आहे. भडकतो आणि विझतो, आणि विझल्यावर मागे कंटाळा राहतो. त्या दहा वर्षांत नाशिकचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदा झाल्या, १९३५ मध्ये येवल्याची घोषणा झाली. आणि या सर्व धामधुमीत एका तळ्याचा दावा तारखेमागून तारखेला चालू राहिला. केवळ संतापावर चालणारा मनुष्य तिसऱ्या तारखेला जात नाही. मी हे अनुमानाने सांगत नाही. माझ्या कचेरीत मी हे पाहतो.

दुसरा दावा तर याहून लांबला. १९५६ साली नागपुरास लाखो लोकांनी दीक्षा घेतली, आणि केंद्राच्या दृष्टीने त्यांचे अनुसूचित जातीचे हक्क गेले. बौद्ध झालात, आता तुम्हांला अस्पृश्यतेचा त्रास कसला, असा त्यामागचा युक्तिवाद ! गावाने वागणूक बदलली नव्हती, पाणवठा बदलला नव्हता; बदलला होता तो फक्त कागद. महाराष्ट्र राज्याने आपल्या अधिकारातील सवलती नवबौद्धांना दिल्या. पण केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती होण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे ! या काळात अर्ज गेले, शिष्टमंडळे गेली, मोर्चे निघाले. आज आपल्या मुलाच्या दाखल्यावर बौद्ध धर्म लिहिलेला असूनही त्याला अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र मिळू शकते आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण मिळते, ते या चिकाटीमुळे. या सभेत आदिवासी बांधव असतील तर त्यांच्यासाठी एवढे सांगतो, की अनुसूचित जमातीच्या दर्जाला संविधानाच्या आदेशात धर्माची अट घातलेली नाही.

आदिवासी बांधवांचा उल्लेख निघालाच आहे तर या मातीतील उदाहरण सोडून पुढे जाणे बरे दिसणार नाही. डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात जमीनदाराच्या घरी फुकट राबण्याची वेठ होती, आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने पिढ्यान्‌पिढ्या सावकाराकडे गहाण पडण्याची लग्नगडी पद्धत होती. १९४५ मध्ये श्रीमती गोदावरी परुळेकर व त्यांचे सहकारी येथे आले. गोदावरीबाई स्वतः कायद्याच्या पदवीधर होत्या. वारली समाजाच्या मनात सूड घेण्याएवढा संताप खचित होता. पण त्या संतापाला वळण मिळाले ते संपाचे : वेठ करावयाची नाही, ठरलेल्या मजुरीवाचून गवत कापावयाचे नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडे येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मृत्युमुखी पडले. तरीही संघटना फुटली नाही, आणि पुढील दोन वर्षांत वेठ आणि लग्नगडी या दोन्ही गोष्टींचा कणा मोडला. त्यांचा झेंडा निराळा, आपला निराळा. पण हात न उगारता 'आम्ही काम करणार नाही' असे म्हणत उभे राहण्यास जे मन लागते, ते एकच आहे.

आता आजच्या गोष्टीकडे येतो. आपल्यापैकी कोणाला जातीवरून शिवीगाळ झाली, तर प्रथम काय होते ? आपला तरुण उलट शिवी देतो, क्वचित हात उचलतो. त्या क्षणी त्याला बरे वाटते. तासाभराने समोरचा मनुष्य त्याच्या आधी पोलीस ठाण्यात पोहोचलेला असतो, आणि फिर्यादी असावयाचा तो आरोपी होऊन बसतो. दोन्ही बाजूंच्या फिर्यादी झाल्या की 'तुम्हीही मागे घ्या, आम्हीही मागे घेतो' असा प्रस्ताव येतो, चार वडीलधारी मध्ये पडतात, आणि प्रकरण मिटते. शिवी मात्र मिटत नाही. अशा किती फायली मी बांधून कपाटात ठेवल्या असतील ! त्यांतील प्रत्येकात मूळ अन्याय खरा होता, आणि प्रत्येकात पाच मिनिटांच्या रागाने तो पुसला.

कायदा काय मागतो ते ऐका. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली जातीवाचक अपमानाचा गुन्हा सिद्ध व्हावयाचा, तर तो लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी घडलेला असावा लागतो. घराच्या चार भिंतींच्या आत, तिऱ्हाईत कोणी नसताना झालेला अपमान त्या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मधील एका निकालात म्हटले आहे. तेव्हा त्या घडीला पाहावयाचे काय, तर कोण कोण उभे होते ते पाहावयाचे. शब्द कोणते वापरले ते जसेच्या तसे लक्षात ठेवावयाचे. संतापलेल्या माणसाला यातले काहीच आठवत नाही. तो एवढेच सांगतो, की 'साहेब, तो फार बोलला.' फार बोलला म्हणजे काय बोलला ? यावर उत्तर नसते. घरी जाऊन, पाणी पिऊन, त्याच दिवशी सारे कागदावर उतरवावे. फिर्याद दिल्यावर तिची नक्कल विनामूल्य मिळण्याचा आपला अधिकार आहे. ठाण्यात फिर्याद नोंदवून घेतली नाही तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठविता येते, आणि त्यापुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. ठाण्याच्या दारात आरडाओरडा करण्याने यातील एकही दार उघडत नाही.

आणि उलटतपासणी ! समोरचा वकील साक्षीदाराला मुद्दाम डिवचतो. ते त्याचे कामच आहे. त्यात त्याचा राग नसतो, आणि हीच मौज आहे. मध्यंतरीच्या चहाच्या वेळी तो आपल्याशी हसून बोलेल. पण पिंजऱ्यातला साक्षीदार चिडतो, न विचारलेले सांगू लागतो, वाढवून सांगतो, आणि वाढवून सांगितलेल्या एका वाक्याने खरी सांगितलेली नऊ वाक्ये वाया जातात. शांत साक्षीदार मी फार थोडे पाहिले. त्यांतील बहुतेक वृद्ध स्त्रिया होत्या. का ते मला सांगता येणार नाही. कदाचित त्यांनी आयुष्यभर इतके ऐकून घेतलेले असते, की वकिलाच्या प्रश्नाचे त्यांना काही वाटत नसावे.

हे सारे ठीक. पण राग सोडावयाचा कसा? 'सोडा' म्हटल्याने सुटता, तर भगवंतांना त्यावर एक अख्खे सुत्त सांगावे लागले नसते. मज्झिम निकायातील विसावे सुत्त, वितक्कसण्ठान, याच विषयावर आहे, आणि त्यात द्वेषाचे विचार मनातून काढण्याचे पाच उपाय एकामागून एक सांगितले आहेत. पहिला जमला नाही तर दुसरा, तो जमला नाही तर तिसरा. मनुष्याचे मन एका उपदेशात वळत नाही हे ओळखून बोलणारा असा शास्ता मला अन्यत्र दिसत नाही. पहिल्या उपायाला दृष्टान्त सुताराचा आहे. कुशल सुतार लाकडात रुतलेली जाड खुंटी दुसऱ्या बारीक खुंटीने ठोकून बाहेर काढतो. तसा द्वेषाचा विचार नुसता उपटून निघत नाही. त्याच्या जागी दुसरा विचार ठोकावा लागतो. आजकाल ज्याला सकारात्मक वृत्ती म्हणतात ती हीच असेल, तर तिच्याशी माझे भांडण नाही. पण ती बारीक खुंटी खरीखुरी असली पाहिजे. 'सारे छान आहे' ही खुंटी लाकडात जातच नाही, कारण सारे छान नाही. 'उद्या सकाळी अकरा वाजता मी अर्ज घेऊन तहसील कचेरीत जाईन' ही खुंटी जाते. 'माझी मुलगी यंदा दहावीला आहे, तिला रात्री दिव्याखाली निवांत बसता आले पाहिजे' ही जाते. ज्यात हाताला काम आहे, असा विचार मनात शिरला की द्वेषाला जागा राहत नाही.

दुसरा उपाय, या विचाराने माझे काय नुकसान होत आहे ते डोळ्यांपुढे आणणे. नटण्याची हौस असलेल्या तरुण-तरुणीच्या गळ्यात मेलेल्या सापाचे कलेवर अडकविले तर त्यांना जशी किळस यावी, तशी आपल्या द्वेषाची किळस यावी, असे तेथे म्हटले आहे. तिसरा, नको ते दृश्य दिसू लागले तर मनुष्य डोळे मिटतो किंवा दुसरीकडे पाहतो, तसे करणे. भ्रमणध्वनीवर रात्री बारा वाजता जातीवरून आलेला गलिच्छ मजकूर दहा वेळा वाचणाऱ्या आमच्या तरुणांना हा तिसरा उपाय फार उपयोगी आहे. पुरावा म्हणून एकदा जपून ठेवा, आणि मग यंत्र बंद करा. चौथा मला सर्वांत आवडतो. एक मनुष्य भराभर चालत असतो. त्याच्या मनात येते, मी एवढ्या घाईने का चालतो आहे ? तो सावकाश चालू लागतो. मग म्हणतो, चालतो तरी का ? उभा राहतो. मग बसतो, मग आडवा होतो. विचारांची गती अशी पायरीपायरीने कमी करावयाची. धावत्या मनाला एकदम थांब म्हटले तर ते कोलमडते. पाचवा अगदी शेवटचा : दात दातांवर घट्ट दाबून, जीभ टाळूला लावून, मनाने मनाला दडपणे. तो वापरण्याची वेळ कधीतरी येते. ती रोज येत असेल, तर पहिले चार नीट केलेले नाहीत असे समजावे.

आणखी एक गोष्ट राहिली आहे. ती सांगितल्यावाचून माझे भाषण अप्रामाणिक होईल. आपल्या पुरुषांनी मालकापुढे, साहेबापुढे, मुकादमापुढे गिळलेला राग जातो कोठे ? तो संध्याकाळी घरी येतो. दिवसा ज्याच्यापुढे तोंड उघडता आले नाही, त्याचे देणे रात्री बायकोला आणि पोरांना चुकवावे लागते. आणि वाटेत दारूचा गुत्ता लागला तर व्याजासह. बाबासाहेबांनी नागपुरास ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि प्राणिमात्रांवर दया करण्याचीही आहे. प्राणिमात्रांत आपली बायको येते, हे सांगण्यासाठी वकील बोलवावा लागू नये ! बाहेर शांत आणि घरात वाघ, याला मी संयम म्हणत नाही. बाहेर ज्याची भीती वाटते त्याच्यापुढे तो गप्प बसतो आणि घरात कोणाची भीती वाटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. येथे बसलेल्या भगिनींना मी एवढेच सांगेन, की नवऱ्याचा हात उगारलेला सहन करणे हे कोणत्याही शीलात सांगितलेले नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने आपल्याला संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. राग सोडावा, दावा सोडू नये, हे तुम्हांलाही लागू आहे.

नवदीक्षित घरांत आणखी एक भांडण मी पाहतो. मुलाने दीक्षा घेतली, आईने घेतली नाही. किंवा मुलाबरोबर घेतली, पण मन अजून जुन्या ठिकाणी आहे. येथून जवळच विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा चैत्र पौर्णिमेला भरते. आयुष्यभर त्या जत्रेला गेलेली म्हातारी यंदाही पदराला दोन पैसे बांधून निघते, आणि मुलगा दारात आडवा होतो. 'बाबासाहेबांच्या नावाला काळिमा लावतेस' असे जन्मदात्रीला म्हणतो, देव्हाऱ्यातले टाक तिच्यादेखत उचलून फेकतो. प्रतिज्ञा त्याने घेतलेली आहे, तिच्याशी त्याने प्रामाणिक राहावे, स्वतः जत्रेला जाऊ नये, हे बरोबर आहे. पण भारद्वाजाने वेळुवनात भगवंतांपुढे जे ताट मांडले, तेच हा मुलगा धम्माच्या नावाने आईपुढे मांडतो आहे. ओरडण्याने त्या बाईच्या मनातून महालक्ष्मी जाणार नाही. मुलगा मात्र जाईल.

ती परत आली की तिला पाणी द्यावे, पाय दुखतात का ते विचारावे. चैत्र पौर्णिमेनंतर महिन्याने वैशाखी पौर्णिमा येते. त्या दिवशी तिचा हात धरून तिला विहारात आणावे आणि पुढच्या ओळीत, पंख्याखाली बसवावे.